मोटारींतील मीटरांचे दिवे आणि डिमर

खानदेशांत वैशाख लागला कीं शहाणा मनुष्य दिवसां लांबचा प्रवास करीत नाहीं. जळगांवास पारा 45 अंशांच्या घरांत जातो, भुसावळास त्याहून कमी नसतो, आणि धुळ्याकडील डांबरी सडकेवर दुपारीं पाणी सांडल्याचा भास होतो. म्हणून रावेर-सावद्याच्या केळीच्या मालमोटारी दिवस कलतांना भरतात व रात्रीं मार्गस्थ होतात. लग्नाचीं वऱ्हाडें रात्रीं हालतात. रुग्णासही शक्य तों उन्हांतून नेत नाहींत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. मध्यरात्रीं तेथें उभें राहून पाहिल्यास दिव्यांची रांग तुटत नाहीं. ह्या प्रत्येक गाडींत चालकाच्या पुढ्यांत दोन-चार लहान दिवे तेवत असतात. त्यांच्या उजेडांत तो वेग, तेल, पाणी व वीज ह्यांचे कांटे वाचतो. ह्या लहान दिव्यांविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हांसही दोन वर्षांपूर्वींपर्यंत तो क्षुल्लकच वाटत होता.

आमच्या वसतिगृहाची एक जुनी डिझेल जीप आहे. पाण्याची उष्णता दाखविणारा तिचा मूळचा कांटा निकामी झाला, तेव्हां बाजारांतून एक नवा मीटर आणून डॅशबोर्डाखालीं बसवून घेतला. बसविणाऱ्यानें काम झटपट उरकलें. मीटराच्या दिव्याची एक तार त्यानें चावीच्या तारेस जोडली व दुसरी पत्र्यास. म्हणजे चावी फिरविली कीं दिवा लागे, आणि तो नेहमीं पूर्ण तेजानें लागे. मग दिवस असो वा रात्र. दिवसां तें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं.

एप्रिलच्या अखेरीस एका रात्रीं आमच्या एका मुलाच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. चाळीसगांवच्या डॉक्टरांनीं तपासून आंत्रपुच्छाचा संशय सांगितला, व रात्रींच पुढें छत्रपती संभाजीनगरास हलवावें असें सुचविलें. जीप हाताशीं होती, तिनेंच निघालों. कन्नडचा घाट, ज्यास जुने लोक औट्रम घाट म्हणतात, अकराच्या सुमारास लागला. नव्या मीटराचा पांढरा प्रकाश समोरच्या कांचेवर पडून तेथें मीटराचें दुसरें बिंब दिसूं लागलें, आणि डाव्या वळणावर नेमका त्या बिंबाच्या जागीं कठडा येई. चालकानें दोन वळणें सोसलें. तिसऱ्या वळणाआधीं त्यानें खिशांतून रुमाल काढला व मीटरावर टाकला. रस्ता स्वच्छ दिसूं लागला. कांटा मात्र दिसेनासा झाला. पंख्याचा पट्टा त्याच सुमारास सैल होऊन घसरत होता, पाण्याचा पंप मंदावला होता, आणि तें सांगणारें एकच साधन रुमालाखालीं झांकलेलें होतें. अर्ध्या घाटांत बॉनेटखालून वाफ निघाली तेव्हां आम्हांस कळलें. इंजिन निवून, पाणी मिळवून, पट्टा ताणून पुन्हां निघण्यास दीड तास लागला. मुलगा मागच्या बांकावर गुडघे पोटाशीं घेऊन पडला होता. देवाच्या कृपेनें शस्त्रक्रिया वेळेवर झाली व मुलगा बरा झाला. परंतु त्या दीड तासांत आम्हांस दुसरें कांहीं करण्यासारखें नव्हतें, म्हणून आम्ही एकच गोष्ट पुनःपुन्हां मनांत घोळवीत होतों. मीटर होता, तो चालू होता, आणि तो खरें तेंच सांगत होता; केवळ त्याच्या दिव्याची तार भलत्या ठिकाणीं जोडल्यामुळें तो असून नसल्यासारखा झाला.

आतां, एवढ्याशा दिव्यानें रस्ता दिसेनासा कां व्हावा? ह्याचें उत्तर डोळ्याच्या घडणींत आहे. डोळ्याच्या मागील पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या सुमारें 60 लाख असून त्या भर उजेडांत व रंग ओळखण्यास उपयोगीं पडतात. दंडाच्या आकाराच्या सुमारें 12 कोटी असून त्या अंधुक उजेडांत काम करितात. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नांवाचें एक द्रव्य असतें. तेजस्वी प्रकाश पडला कीं त्याचें विघटन होतें, आणि अंधारांत तें पुन्हां भरून येण्यास वीस तें तीस मिनिटें, किंबहुना अधिकही, लागतात. म्हणजे कमाविण्यास अर्धा तास व गमाविण्यास एक क्षण, असा हा व्यवहार आहे. वय वाढेल तसा हा वेळही वाढतो. म्हणून तरुण चालक ज्या दिव्याची तक्रार करीत नाहीं तोच दिवा त्याच्या वडिलांस असह्य होतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आपल्या हातीं नसतात; पुढ्यांतला दिवा तरी आपल्या हातीं असावा. तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर फार थोडा परिणाम होतो, व म्हणूनच पूर्वीं पाणबुड्यांत आणि विमानांत तांबडे दिवे लावीत असत. दुसरी अडचण प्रतिबिंबाची. समोरची कांच तिरपी असते, बाहेर काळोख असतो, आणि काळोखापुढील कांच आरशाचें काम करिते, हें आगगाडीच्या खिडकींतून रात्रीं बाहेर पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

ह्या दोन्ही अडचणींवर मोटार करणाऱ्यांनीं फार पूर्वींच उपाय योजिला. डॅशबोर्डाच्या दिव्यांकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेंत त्यांनीं कमीअधिक करतां येणारा रोध घातला. हाच डिमर. कित्येक जुन्या गाड्यांत तो मुख्य दिव्यांच्या बटणांतच बसविलेला असतो. बटण ओढलें कीं दिवे लागतात आणि तेंच फिरविलें कीं डॅशबोर्ड मंद होतो. कांहींत त्यास निराळें चाक असतें. आमच्याकडील चालक ‘डिपर’ म्हणतात तो हा नव्हे; डिपरानें पुढचे मोठे दिवे खालीं-वर होतात, डिमरानें पुढ्यांतले लहान दिवे मंद होतात. नांवांतील ह्या साम्यामुळें गॅरेजांत बराच घोटाळा होतो, व एकदां आम्हीं डिमर दुरुस्त करण्यास सांगितला असतां आमचा डिपर बदलून मिळाला होता.

जुन्या डिमराची रचना पाहण्यासारखी आहे. चिनी मातीच्या लहान चौकटींत वेटोळें केलेली रोधतार असते, आणि तिजवरून एक पितळी पट्टी सरकते. पट्टी एका टोंकाशीं असतां प्रवाहास तारेंतून जावें लागत नाहीं व दिवे पूर्ण तेजानें लागतात. पट्टी दुसऱ्या टोंकाकडे नेली कीं अधिकाधिक तार प्रवाहाच्या वाटेंत येते. ओम ह्या जर्मन पंडितानें 1827 सालीं जो नियम प्रसिद्ध केला तो दहावीच्या मुलांस पाठ असतो. तोच येथें कामास लावूं.

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची धरूं. (इंजिन चालू असतां दाब 14 व्होल्टच्या आसपास असतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून 12 च घेऊं.) डॅशबोर्डांत 3 वॅटचे चार गोळे आहेत अशी कल्पना करूं. प्रत्येक गोळा पाव अँपियर घेतो, म्हणजे त्याचा रोध 48 ओम होतो. चार गोळे समांतर असल्यानें त्यांचा मिळून रोध 12 ओम. डिमराचा जास्तींत जास्त रोधही 12 ओम असल्यास तो पूर्ण फिरविल्यावर प्रवाह अर्धा अँपियर होईल, गोळ्यांस 6 व्होल्ट मिळतील, आणि डिमरांत 3 वॅट उष्णता उत्पन्न होईल. आतां तीन नवे मीटर बसविले व त्यांचे तीन गोळे ह्याच डिमरास जोडले. सात गोळ्यांचा मिळून रोध 6.86 ओम, डिमर धरून 18.86, प्रवाह सुमारें 0.64 अँपियर. गोळ्यांस मिळणारा दाब 4.36 व्होल्टवर उतरला, आणि डिमरांतील उष्णता मात्र 3 वॅटांवरून 4.86 वॅटांवर चढली. म्हणजे दिवे अधिकच मंद झाले व डिमर दीडपटीहून अधिक तापूं लागला. चार गोळ्यांसाठीं बनविलेलें वेटोळें हें किती दिवस सोसेल? प्रथम प्लास्टिक तापल्याचा वास येतो, मग डिमर कोठें तरी मधेंच तुटतो, व डॅशबोर्ड एकदम काळाठिक्कर पडतो.

वरील हिशेबांत आम्हीं गोळ्याचा रोध कायम धरिला आहे. तो खरोखर कायम नसतो. तंतू थंड होईल तसा त्याचा रोध उतरतो, म्हणून प्रत्यक्षांत गोळे आणखी मंद होतात. शिवाय दाब अर्धा केल्यानें प्रकाश अर्धा होतो असेंही नाहीं. साध्या तंतूच्या गोळ्याचा प्रकाश अर्ध्या दाबावर सुमारें दशमांश उरतो. डिमराचें चाक थोडेंसें फिरवितांच दिवे झपाट्यानें उतरतात तें ह्यामुळेंच.

तेव्हां पहिला प्रश्न किती दिवे जोडावे हा. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा, कोठें जोडावे हा. येथें बहुतेक लोक फसतात, कारण डिमर जोडण्याच्या दोन रीती आहेत, आणि गाडी बाहेरून पाहून ती कोणत्या रीतीची आहे हें कळत नाहीं.

पहिल्या रीतींत डिमर गोळ्यांच्या अलीकडे असतो. पार्किंगच्या दिव्यांच्या तारेंतून प्रवाह निघतो, डिमरांतून जातो, मग गोळ्यांतून, आणि शेवटीं पत्र्यांतून बॅटरीच्या ऋण टोंकास मिळतो. आमच्या जीपमध्यें हीच रीत आहे. येथें नव्या मीटराच्या दिव्याची एक तार डिमर आणि मूळचे गोळे ह्यांच्यामधील तारेस जोडावी व दुसरी पत्र्यास जोडावी. डिमराच्या अलीकडे, म्हणजे पार्किंगच्या तारेस जोडल्यास दिवा मोठ्या दिव्यांबरोबर लागेल खरा, पण मंद होणार नाहीं. चावीच्या तारेस जोडल्यास आमच्यासारखी गत.

दुसऱ्या रीतींत डिमर गोळ्यांच्या पलीकडे असतो. गोळ्यांस प्रवाह थेट मिळतो; गोळ्यांतून बाहेर पडल्यावर तो डिमरांतून जातो व मग पत्र्यास पोंचतो. कित्येक जपानी धर्तीच्या गाड्यांत ही रीत आढळते. धुळ्याच्या एका स्नेह्यांच्या गाडींत आम्हीं हिचा प्रसाद चाखला. जीपचें काम साधल्यामुळें आम्हांस थोडा गर्व झाला होता. त्यांच्या नव्या ऑइल मीटराचा दिवा आम्हीं त्याच पद्धतीनें जोडिला: एक तार डिमरावर, एक पत्र्यावर. रात्रीं चाक फिरवून पाहतों तों विलक्षण प्रकार. मूळचे दिवे पूर्ण तेजानें लागले असतां नवा दिवा अजिबात विझलेला. आणि ते मंद करीत नेले कीं हा हळूहळू उजळतो! स्नेही हंसूं लागले. आम्हांस मात्र ती रात्र कागदावर आकृत्या काढण्यांत घालवावी लागली.

कारण सोपें आहे, पण तें कागदावर मांडल्यावांचून सुचत नाहीं. आमचा नवा दिवा डिमराच्या दोन टोंकांमध्यें समांतर जोडला गेला होता. डिमर उघडा, म्हणजे शून्य रोधाचा असतां त्याच्या दोन टोंकांमध्यें दाबच नसतो. मग दिवा लागावा कशानें? डिमराचा रोध 12 ओम केला कीं त्याच्या टोंकांमध्यें दाब उत्पन्न होतो. चार मूळच्या गोळ्यांच्या वरील उदाहरणांत तो सुमारें 5.3 व्होल्ट भरतो, व तेवढ्यावर आमचा दिवा मिणमिणतो. शिवाय प्रवाहास आमच्या दिव्यांतून दुसरी वाट मिळाल्यामुळें मूळचे दिवेही पूर्वींइतके मंद होत नाहींत. उपाय असा कीं, नव्या दिव्याची धन तार पार्किंगच्या दिव्यांच्या तारेवरून घ्यावी, आणि ऋण तार पत्र्यास न जोडतां गोळे व डिमर ह्यांच्यामधील तारेस जोडावी. मग नवा दिवा मूळच्या दिव्यांच्या पंगतीस बसतो व त्यांच्याबरोबर वागतो. ह्यांत एक खोंच आहे. कांहीं मीटरांत गोळ्याची बैठकच मीटराच्या धातूच्या डब्यास टेंकलेली असते, आणि डबा पत्र्यास. अशा वेळीं बैठक डब्यापासून अलग केल्याशिवाय ही जोडणी होत नाहीं. ऋण तार कोठेंही न्या, प्रवाह आपला डब्यांतून पळतो.

गाडी कोणत्या रीतीची आहे हें आधीं ओळखावें कसें? व्होल्टमीटर घ्यावा, त्याचें काळें टोंक पत्र्यास लावावें, पार्किंगचे दिवे लावावे, आणि मूळच्या एखाद्या गोळ्याच्या दोन्ही तारा तपासाव्या. एक तार कायम शून्य दाखवीत असेल व दुसरींतील दाब डिमर मंद केल्यावर उतरत असेल, तर पहिली रीत. एक तार कायम 12 दाखवीत असेल, आणि दुसरींतील दाब डिमर मंद केल्यावर चढत असेल, तर दुसरी. ही परीक्षा पांच मिनिटांची आहे. ती न करितां रंगांवरून तार ओळखणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत; परंतु जुन्या गाडींत मूळच्या रंगाची तार कितीदां तुटून दुसऱ्या रंगाची जोडली गेली असेल ह्याचा नेम नसतो. गांवोगांवचे वायरमन टेस्ट लँप वापरतात, तो साध्या गाडीस चांगला. पण नवीन गाड्यांच्या नाजूक जोडण्यांत तो लावूं नये, कारण तो स्वतःच बराच प्रवाह ओढतो.

आतां एल.ई.डी. दिव्यांकडे वळूं, कारण बाजारांतील बहुतेक नवे मीटर ह्याच दिव्यांचे येतात. निळा एल.ई.डी. साधल्यामुळें पांढरा एल.ई.डी. शक्य झाला, व त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांस 2014 सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हा दिवा थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश देतो व क्वचितच जळतो. परंतु जुन्या डिमराशीं त्याचें जमत नाहीं. पांढऱ्या एल.ई.डी.स सुमारें 3 व्होल्ट लागतात. म्हणून मोटारीसाठीं असे तीन एकापुढें एक जोडून त्यांस एक रोध लावतात. ह्या जोडीस 9 व्होल्टच्या आसपास मिळाल्याखेरीज ती पेटतच नाहीं. डिमरावर मूळचे चार तंतूचे गोळे असतील तर ते मंद होऊन दाब 6 व्होल्टवर उतरतां-उतरतां एल.ई.डी. मध्येंच पूर्ण विझतो. उलट सर्व गोळे काढून एल.ई.डी.च घातले तर तो मंदच होत नाहीं. कारण 20 मिलिअँपियरच्या प्रवाहानें 12 ओमांत केवळ पाव व्होल्ट खर्च होतो, आणि तेवढ्याची त्यास दखल नसते. दोन्हीकडून निराशा! शिवाय साध्या गोळ्यास धन-ऋण नसतें, ह्यास असतें. तारा उलट जोडल्या तर तो लागत नाहीं व लोक त्यास खराब समजून परत करतात.

म्हणून नव्या गाड्यांत डिमराची रीतच बदलली आहे. तेथें रोध घालून दाब उतरवीत नाहींत, तर प्रवाह सेकंदास शंभराहून अधिक वेळां चालू-बंद करितात. चालू राहण्याचा काळ जितका कमी तितका दिवा मंद दिसतो. डोळ्यास लुकलुक कळत नाहीं. ह्यांत उष्णता थोडी व एल.ई.डी.ही नीट उतरतो. मात्र ह्या डिमराच्या आंत तारेच्या वेटोळ्याऐवजीं नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग असतात, आणि त्यांजवर तीन-चार जादा गोळ्यांचा भार टाकल्यास ते जळतात. कांहीं चांगल्या मीटरांस ह्यासाठीं एक निराळी बारीक तार दिलेली असते. ती केवळ डिमर काय सांगतो तें ऐकते, व दिव्याची वीज दुसऱ्या तारेनें येते. असा मीटर घेतां आला तर घ्यावा. नाहींतर एका ट्रान्झिस्टराच्या साहाय्यानें तेंच काम साधतें. रिले घालून तें साधेल असें कांहींजण सांगतात. तें खरें नव्हे. रिलेस चालू व बंद एवढेंच कळतें, मंद कळत नाहीं. आणि अर्धवट दाबावर तो नुसता खडखडतो. अगदीं अलीकडच्या कित्येक गाड्यांत तर डिमराकडून डॅशबोर्डाकडे तारच जात नाहीं. बॉश कंपनीनें 1986 सालीं पुढें आणलेल्या कॅन नांवाच्या पद्धतीनें, दोन तारांवरून संदेशाच्या रूपानें, ‘इतका मंद हो’ अशी आज्ञा जाते. तेथें आमच्यासारख्यांनीं हात घालूं नये. मीटरास स्वतंत्र लहान डिमर लावून मोकळें व्हावें.

केळीच्या मालमोटारींविषयीं एक गोष्ट येथेंच सांगतों. त्यांची वीज 24 व्होल्टची असते; 12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडलेल्या असतात. मोटारीचा 12 व्होल्टचा मीटर स्वस्त मिळतो म्हणून तो आणून त्याचा दिवा दोन बॅटऱ्यांच्या मधून जोडून देण्याची युक्ति सर्रास चालते. दिवा लागतो, चालक खूष होतो. पण त्यामुळें दोहोंपैकीं एकच बॅटरी अधिक रिती होते. भरतांना मात्र दोहोंस सारखाच प्रवाह मिळतो. एक उपाशी राहते व दुसरी अजीर्णानें मरते. एका लहान दिव्यानें हें व्हावयास महिने लागतील. रेडिओ, पंखा वगैरे त्याच तारेवर आले कीं लवकर होतें. 24 व्होल्टचा गोळा दुकानांत सहज मिळतो, मग हा द्राविडी प्राणायाम कशास?

हाताचें काम करणाऱ्या मुलांसाठीं आतां थोडें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. ती सोडल्याशिवाय डॅशबोर्डामागें पक्कड घालूं नये. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची जी आपल्याकडील रीत आहे ती खानदेशांत विशेष वाईट. उन्हांत उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावूं देत नाहीं एवढा तापतो; टेपेचा गोंद पातळ होऊन ती सुटते व उघडी तार पत्र्यास टेंकते. जोड डाखून किंवा लग दाबून करावा व त्यावर नळी चढवावी. तार पत्र्याच्या भोकांतून नेतांना भोकास रबरी कडें बसवावें. पत्र्याशीं जोड करतांना रंग खरवडून धातु उघडा करावा. रंगावरून केलेली अर्थिंग आज चालते व पावसाळ्यांत बंद पडते. आणि फ्यूज. डॅशबोर्डाचा फ्यूज वारंवार उडूं लागल्यास त्याच्या जागीं मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालूं नये, तर चूक शोधावी. येथें एक धोका फार थोड्यांस माहीत असतो. कित्येक गाड्यांत डॅशबोर्डाचे दिवे व मागचे तांबडे दिवे एकाच फ्यूजवर असतात. पुढ्यांतला डॅशबोर्ड अकस्मात् काळा झाला कीं चालक म्हणतो, जाऊं द्या, सकाळीं पाहूं. पण त्याच क्षणीं त्याची गाडी मागून येणारास दिसेनाशी झालेली असते. पारोळ्याच्या रस्त्यावर रात्रीं अशा गाड्या आम्हीं पाहिल्या आहेत. म्हणजे आधीं दिसल्या नाहींत, अगदीं जवळ गेल्यावर दिसल्या. डॅशबोर्ड विझला तर गाडी बाजूस घेऊन मागें जाऊन पाहावें.

आमच्या जीपचें काम त्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं घरींच केलें. टाके निघालेला तोच मुलगा बॅटरी धरून शेजारीं बसला होता. आज तो दहावींत आहे, आणि ओमचा नियम त्यानें आम्हांस दोनदां विचारून घेतला. चावीची तार सोडविली, ती टोंकास बंद केली, आणि दिव्याची तार डिमराच्या पुढें जोडली. मूळचे चार गोळे होते, पांचवा वाढला. तासभर अर्ध्यावर चालवून डिमरास हात लावून पाहिला, तो कोमट होता. मग रात्रीं जीप नदीकांठच्या अंधाऱ्या वाटेवर नेली, सर्व दिवे मालवून दहा मिनिटें नुसते बसलों, आणि पुढचे दिवे लावून डिमर इतका उतरविला कीं कांटा कसाबसा वाचतां यावा. चालकानें चाकावर त्या जागीं नखानें एक खूण केली. दिव्यांच्या गांवांतून जातांना तो चाक वर करितो, घाट लागला कीं खुणेवर आणतो.

गेल्या मे महिन्यांत सुटीस जाणारीं मुलें घेऊन त्याच घाटानें रात्रीं गेलों. सहाव्या कीं सातव्या वळणावर चालकानें न बोलतां मीटराकडे बोट केलें. कांटा नव्वद सोडून शंभराकडे सरकत होता. कन्नडच्या उंचीवर उघडें पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळतें. रेडिएटरच्या झांकणाच्या दाबामुळें त्याहून कांहीं अंश सवड मिळते, तेवढीच. गाडी रुंद जागीं बाजूस घेतली, मागचे दिवे जळत आहेत हें उतरून पाहिलें, आणि इंजिन मंद चालूं ठेवून वाट पाहिली. दहा मिनिटांत कांटा पंच्याऐंशीवर उतरला. मुलांपैकीं बहुतेक झोपेंत होतीं, त्यांस आपण थांबलों होतों हेंही कळलें नाहीं.